कवड्याच्या पोटाखाली

रहेमतुल्ला चाचांशी माझी पहिली भेट भांडणानं झाली. चिखलीच्या जनावरांच्या दवाखान्यात मी नव्यानं रुजू झाले होते. एका दांडग्या बैलाला सुई द्यायची होती आणि चौघांनी त्याला खांबाशी आवळून धरलं होतं. बैल जितका ओढत होता, तितके ते आवळत होते. रस्त्यानं जाणारा एक काटकुळा म्हातारा थांबला. खांद्याला दोरांची पिशवी, डोक्याला रुमाल. तो आवारात आला आणि कुणालाही न विचारता त्यानं चौघांतल्या तिघांना बाजूला सारलं.

"म्याडम, सुई देऊन राह्यल्या का फाशी?"

मला राग आला, पण बोलायला फुरसत मिळाली नाही. त्यानं बैलाच्या खांद्यामागे तळहात टेकवला, घशातून एक घोगरा, लांबट आवाज काढला आणि तसाच उभा राहिला. मिनिटाभरानं बैलाची मान खाली आली. मी सुई दिली. बैलानं फक्त शेपटी हलवली.

चाचा नालबंद होते. बैलाचं खूर दोन फाकांचं असतं, म्हणून एका पायाला लोखंडाच्या दोन छोट्या पत्र्या ठोकाव्या लागतात. त्यासाठी बैलाला दोरानं आडवा पाडायचा, चारही पाय एकत्र बांधायचे आणि मग खिळे मारायचे. त्यांचे वडील हेच करत, आजोबाही हेच करत. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, तरी आसपासच्या चाळीस-पन्नास गावांत अजून कुणाचा बैल लंगडला की चाचांना फोन जायचा.

ओळख वाढली तसे ते दवाखान्यात येऊन बसू लागले. मी पुस्तकातून शिकले होते ते त्यांना हातातून ठाऊक होतं. एकदा म्हणाले, "भेव पहिले कानात येते. मंग कातड्यात. कातडं थरथरते ना, माशी नसली तरी, ते. मंग पायात. पायात आलं का मंग आपल्या हातात काई नसते."

मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला. गोठ्यात जन्मलेलं वासरू, ज्यानं वाघ पाहिला नाही, साप पाहिला नाही, ते जमिनीवर पडलेल्या दोराला काऊन बिचकते?

मी सांगितलं, ज्या वासरांनी बिचकायचं सोडलं ती फार जगली नाहीत. जी दचकून बाजूला झाली त्यांचीच पुढे वासरं झाली. हजारो पिढ्या असंच चालत आलं. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, कान वळणारे, खुरं जमिनीची कंपनं टिपणारी. त्यांचं सगळं अंगच धोका आधी ओळखायला घडलेलं असतं. विचार करायला थांबला तो बैल मेला असता.

चाचा म्हणाले, "म्हंजे हे भेव त्याचं नाई. त्याच्या आजाच्या आजाचं हाये."

"तसंच म्हणा."

"मंग त्याले मारून काय फायदा," असं म्हणून ते उठले.

गेल्या भाद्रपदात, पोळा होऊन आठ दिवस झाले असतील, वैजनाथ यांचा चाचांना फोन आला. वैजनाथ चिखलीतल्या एका शाळेत कारकून. शेती खोरवड गावात, चिखलीपासून बारा-तेरा किलोमीटर. गावातल्या जुन्या पांढरीच्या, म्हणजे पूर्वीच्या वस्तीच्या, जागेवर त्यांनी पावसाळ्याआधी नवा गोठा बांधला होता. वर टिन, खाली मुरूम टाकून चोपलेली जमीन. पोळ्यानंतर बैल तिथे हलवायचे होते. पण कवड्या नावाचा बैल, पांढऱ्या अंगावर तांबडे ठिपके असलेला, आत जायला तयार नव्हता. पाच दिवस रोज तोच प्रकार. दारातून दोन पावलं आत टाकायचा आणि नेमक्या एका जागी थांबायचा. जमीन हुंगायचा, फुस्स करायचा, मागे सरकायचा. जोडीचा दुसरा बैल जायचा, पण तोही भिंतीला अंग घासत, कडेकडेनं.

वैजनाथांना वाटलं, खुरात काही सलत असेल.

चाचांनी चारही पाय पाहिले. पत्र्या त्यांनीच तीन महिन्यांपूर्वी ठोकलेल्या, घट्ट होत्या. खूर साफ होतं. मग त्यांनी कवड्याला दारापर्यंत नेलं आणि तो थांबतो कुठे ते पाहिलं. कान मागे गेले होते. बरगडीवरचं कातडं थरथरत होतं.

"वैजनाथभाऊ, याच्या पायात काई नाई. याले जागा पसंत नाई. इथंच काईतरी हाये."

"काय असन चाचा? मुरूम हाये. म्या सोता दबाई केली."

"जनावर उगंमुगं थांबत नाई."

शेजारचे पाच-सहा जण जमले होते. त्यातला एक हसून म्हणाला, "चाचा, चाळीस वर्षं बैलं पाडले, अन् एक बैल गोठ्यात नेता येऊन नाई राह्यला?"

चाचा नंतर मला म्हणाले, तेव्हाच पिशवी उचलून निघायला पाहिजे होतं. पण महिनाभरात त्यांना दोनच कामं मिळाली होती. नाव उरलं आहे तेवढं तरी टिकावं असं वाटलं. आणि कवड्याचा त्यांच्यावर भरवसा होता, हे त्यांना ठाऊक होतं. "त्याच भरोशाचा म्या वापर केला," ते म्हणाले. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यांनी कवड्याचा कासरा धरला, तोंडानं तो घोगरा आवाज काढत स्वतः पुढे झाले. बैल थांबला. चाचा थांबले. पुन्हा आवाज. बैलानं एक पाऊल टाकलं. चाचा त्या जागेवरून पुढे गेले, काही झालं नाही. कवड्याचे पुढचे पायही गेले. मग त्याला ढकलावं म्हणून चाचा त्याच्या पोटाशी आले. मागचे पाय त्या जागेवर पडले आणि जमीन बसली.

खाली पेव होतं. जुन्या काळी धान्य साठवायला जमिनीत खोदलेली, तोंडाला अरुंद आणि पोटाला रुंद अशी खोल जागा. कुणी कधी तरी तोंडावर दगडी फरशी आणि लाकडं टाकून ते बुजवलं होतं आणि नंतर सगळे विसरले होते. पावसानं माती भिजली, लाकडं कुजलेली होतीच. फरशी मधोमध मोडली. चाचा सरळ खाली गेले. त्यांच्यामागे कवड्याचा मागचा अर्धा भाग आत आला आणि पेवाच्या तोंडात पोटाशी अडकला. पुढचे पाय वर, गुडघ्यात दुमडलेले. मागचे पाय आत, हवेत लोंबकळत.

दवाखान्यात फोन आला आणि मी पोचले तेव्हा पाऊण तास झाला होता. गोठ्याबाहेर अर्धं गाव होतं. कुणी ओरडत होतं, कुणी कवड्याची शिंगं धरून ओढत होतं, आणि जेसीबी गल्लीच्या तोंडाशी घरघरत येऊन उभा होता. कवड्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता, तोंडाला फेस आला होता. जेसीबीचा आवाज वाढला की तो सगळं अंग झटकायचा आणि कडेची माती आत ढासळायची. मग खालून एक आवाज यायचा, खूप लांबून आल्यासारखा.

मी बैलाच्या मांडीजवळ आडवी झाले. तिथे हातभर फट होती.

"चाचा, मी आहे. दवाखान्यातली."

"म्याडम, ते मशीन बंद करा पहिले."

मी हातवारे करून ते बंद करायला लावलं. मग चाचांनी तुटक तुटक सांगितलं. डावा पाय नडगीपर्यंत फरशीच्या तुकड्याखाली दबला होता. उठता येत नव्हतं. कवड्याची खुरं छातीवर, वीतभर अंतरावर होती. एक लाथ बरगडीत बसली होती.

"मी त्याला शांत व्हायची सुई देते," मी म्हटलं आणि पिशवी उघडली.

"नाई! सुई नोका देऊ. ढिला पडला तर सरळ माह्यावर येईन."

ते बरोबर होतं. पाचशे किलोंचा बैल फक्त त्याच्या स्वतःच्या ताठरपणामुळे तिथे टिकून होता. तो घाबरला आणि झटकला तर निसटणार, भीती गेली आणि सैल झाला तरी निसटणार. माझ्या हातात औषध भरलेली सुई होती आणि तिचा काही उपयोग नव्हता. मी ती टोपण लावून ठेवून दिली.

"शाइस्ताले बलवा," चाचा म्हणाले.

शाइस्ता त्यांची मुलगी, चिखलीतच दिलेली. चौदा वर्षांची होईपर्यंत ती वडिलांबरोबर गावोगाव जायची, दोर धरायची. मग मोठी झाली म्हणून ते बंद झालं. आता ती शिवणकाम करायची. वैजनाथांनी फोन लावला. त्यांना नीट सांगता येईना, म्हणून शेवटी मीच बोलले.

ती येईपर्यंतचा अर्धा तास खाली कसा गेला, ते चाचांनी मला नंतर कधी तरी तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. सुरुवातीला ते खूप ओरडले होते. पाय ओढून पाहिला, मातीत नखं खुपसली. श्वास पुरत नव्हता. पेवातल्या कुजक्या वासानं डोकं गरगरत होतं. वरचा उजेड बैलानं झाकलेला, मांडीच्या कडेनं एक पांढरी रेघ तेवढी दिसायची. "मी वरडलो का तो हलते. तो हलला का माती पडते. माती पडली का मी वरडतो. असं चालू होतं. मंग मले वाटलं, दोघांतून एकानं तं थांबाले पाह्यजे. त्याले तं समजत नाई. मंग मीच."

त्यांनी तो घशातला आवाज काढायचा प्रयत्न केला. निघाला नाही, घसा कोरडा पडला होता. मग हात वर करून त्यांनी कवड्याच्या मागच्या पायाच्या ढोपराला तळहात टेकवला. पाय आखडला, झटका बसला, खूर कानाजवळून गेलं. त्यांनी हात काढला नाही. हळूहळू त्यांना कातड्याखालचं थरथरणं लागलं, आणि त्यांचा स्वतःचा हातही तसाच थरथरतोय हे लक्षात आलं. कुणाचं कोणतं ते कळेना, म्हणाले.

शाइस्ता स्कूटीवर आली. तिनं गर्दीकडे पाहिलं आणि वैजनाथांना म्हणाली, "काका, सगळ्याईले बाहेर काढा. लेकरं, बाया, माणसं, सगळे. मोबाईल बंद. कोणी बोलन नाई."

कवड्याजवळ जाताना ती समोरून गेली नाही. खांद्याच्या बाजूनं, हळू, हात दिसतील असे धरून गेली. ओढणी सोडून तिनं त्याच्या डोळ्यांवर बांधली. बैलानं मान एकदा झटकली आणि मग नाकपुड्यांतून लांब श्वास सोडला. तिनं तोच आवाज काढला, तिच्या अब्बांचा. मग अगदी बारीक, फाटका, तोच आवाज खालून आला.

"अब्बा, सुनाई देरा क्या?"

"सुनरा हूं बेटा."

गावातला राजकुमार नावाचा एक जण बोअरमधून मोटरी काढायचं काम करायचा, त्याला बोलावलं. त्याच्याकडे तीन बल्ल्यांची, म्हणजे लाकडी वाशांची, घोडी आणि हातानं ओढायची चेनपुली होती. आवाज न करता उचलायचं तर तेच एक साधन होतं. घोडीचा प्रत्येक पाय ठेवण्याआधी त्यानं पहारीनं जमीन ठोकून पाहिली, आणि तेवढ्या ठोक्यांनीही कवड्याचे कान फिरत होते. ट्रकवर माल बांधायचे दोन रुंद पट्टे आणले. पुढचा पट्टा छातीखालून घेणं सोपं होतं. मागचा मात्र आत, मांड्यांच्या पुढून, पोटाखालून घ्यायचा होता. ते काम वरून होण्यासारखं नव्हतं.

शाइस्तानं फटीतून पट्ट्याचं टोक खाली सोडलं. "अब्बा, पट्टा घ्या. पण आधी त्याचे पाय बांधा."

मग चाचा म्हणाले, "पाय बांधले तं त्याले वाटन आता सुटका नाई. अजून भेईन."

"नाई बांधले तं वर येताना लाथ मारन. तुमच्या डोक्यावर."

"बेटा, मले वीतभर जागा हाये."

"तुमी डोळे मिटून गाठ मारता. मीच पाह्यलं ना."

दोरांची पिशवी त्यांच्यासोबतच खाली पडली होती. त्यांनी ती चाचपडून ओढली. चाळीस वर्षं त्यांनी पाय बांधले ते वरून, उभं राहून, बैल खाली पडलेला असताना. आज बैल वर होता. एका खुराला दोर लागला की दुसरं खूर उडायचं. मी फटीशी कान लावून होते. चाचांचा श्वास ऐकू येत होता, घरघरीत, आणि मधूनच कवड्याशी बोलणं. "हाव रे. मले मालूम हाये. थांब. तुहा नाई, माहा दोष हाये. थांब."

शाइस्ता वरून त्याच्या मानेवर हात फिरवत होती आणि खालचं बोलणं थांबलं की तिचा हात थांबायचा.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. पट्ट्याचं दुसरं टोक दुसऱ्या बाजूच्या फटीत दिसलं, राजकुमारनं तारेच्या आकड्यानं ते ओढून घेतलं. मग खालून आवाज आला, "बांधलं. घ्या."

साखळी एकेक कडीनं ओढली गेली. कट्, कट्, कट्. कवड्यानं एकदा सगळी ताकद लावली. बांधलेले पाय एकत्र हलले, लाथ बसली नाही, पण कडेचं मातीचं ढेकूळ सुटलं आणि खालून चाचांची किंकाळी आली. शाइस्ता ओरडली नाही. ओठ दाताखाली धरून ती बैलाच्या कानाशी तोच आवाज काढत राहिली. आणखी कड्या. पोट सुटलं, मग मांड्या, मग ते बांधलेले पाय, त्यांना पक्की गाठ मारलेली, व्यवस्थित.

कवड्याला कडेला घेतलं आणि पाय सोडले. तो उभा राहिला, थरथरत. मी त्याच्या पायांना हात लावून पाहिला, हाड मोडलं नव्हतं. पोटावरचं कातडं मात्र चांगलंच सोलवटलं होतं. राजकुमार दोराला धरून खाली उतरला, पहारीनं फरशी उचलली. चाचांना चार वाजता बाहेर काढलं. मातीनं ओळखू येत नव्हते. पहिल्यांदा विचारलं ते, "कवड्या उभा हाये का?"

नडगी दोन ठिकाणी मोडली होती, बरगड्या दोन. बुलढाण्याला नेलं, प्लास्टर झालं, आठ दिवसांत घरी आले. सगळ्यांना वाटलं, संपलं.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी भरदुपारी शाइस्ता माहेरी डबा घेऊन गेली, तर चाचा विळ्यानं प्लास्टर कापत होते. घाम फुटलेला, डोळे त्या दिवशीच्या कवड्यासारखे, पांढरे दिसणारे. "काढ हे, काढ," एवढंच म्हणत होते. तिनं विळा काढून घेतला आणि खाट ओढत अंगणात नेली. त्या दिवसापासून ते बाहेरच झोपतात. न्हाणीचं दार लावत नाहीत, शाइस्तानं पडदा शिवून दिला आहे. मशिदीत जातात ते शेवटच्या रांगेत, उंबऱ्याजवळ.

मी भेटायला गेले तेव्हा मला म्हणाले, "म्याडम, जनावराच्या भेवाची दवा असते तुमच्याजवळ. माणसाची नाई का?"

मी म्हटलं, माणसांच्या डॉक्टरांकडे असते, मी नाव सांगते. मग मी माझं नेहमीचं सांगू लागले. शरीरानं एकदा धडा घेतला की ते विसरायला तयार होत नाही, ते आपल्याला वाचवायलाच बघत असतं, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं.

"आजाच्या आजाचं नाई ना पण हे," ते म्हणाले. "हे माहंच हाये. म्या कमावलं."

त्या डॉक्टरांकडे ते दोनदा गेले. थोडी झोप लागू लागली, असं शाइस्ता सांगते.

वैजनाथांनी पेवात दगड भरले, वर सिमेंटचा जाड थर घातला. पहिल्या दोन महिन्यांत ते सात-आठ वेळा फळं घेऊन चाचांकडे आले. कवड्या अजून त्या गोठ्यात जात नाही. त्याच्यासाठी बाहेर चार खांबांचं वेगळं छप्पर केलं आहे, आणि गावातलं कुणी त्यावरून काही बोलत नाही.

पाय बरा झाल्यावर चाचांनी काम सुरू करून पाहिलं. बैल पाडला, दोर हातात घेतला, आणि पुढचे दोन पाय एकत्र आणेपर्यंत त्यांना श्वास लागला. दोर तिथेच टाकून ते बाजूला जाऊन बसले. बैल गोंधळून पडलेलाच राहिला. तेव्हा शाइस्ता पुढे आली, तिनं ओढणी कमरेला खोचली आणि पाय बांधले. बाजारच्या दिवशी आता तीच नाल ठोकते. सुरुवातीला लोक बघायला थांबायचे, काही जण नको ते बोललेही. आता आपापले बैल घेऊन रांगेत उभे राहतात. चाचा बैलाच्या डोक्याशी बसतात. बैलाचे डोळे झाकतात, मानेवर हात ठेवतात, आणि एखादा जास्तच थरथरत असेल तर सांगतात, "याले आज नोको. परवा आन." शाइस्ता वाद घालत नाही.

परवा मी दवाखान्यातून निघाले तेव्हा ते चौकात उभे होते, मेहकर फाट्याकडे जाणाऱ्या जीपची वाट पाहत. एक जीप आली, मधल्या सीटवर दोन माणसांत जागा होती. चाचांनी हात हलवून ती जाऊ दिली. दुसरी आली, ती गच्च भरलेली. तिसरीच्या मागच्या फळीवर कडेची जागा रिकामी होती, मागे दार नव्हतं. एक पाय बाहेर ठेवून ते बसले, एका हातानं वरची दांडी धरली आणि मला पाहून दुसरा हात कपाळाला लावला. जीप निघाली.